घडीच्या सायकलीचा कौल

मालन राऊळ हिला काळजी करायला कारण लागत नसे. पण कारण मिळालंच, तर ती ते वायाही घालवत नसे. भांडुपच्या टेकडीवरच्या त्या चाळीत प्रत्येक बाईची एकेका गोष्टीत ख्याती होती. कुणी वड्यांना, कुणी भांडणाला. मालन काळजीला. गावाहून पत्र आलं नाही तर का आलं नाही, आणि आलं तर एवढ्या लवकर का आलं, अशी दोन्ही बाजूंनी ती चिंता करी. नवरा सहदेव म्हणायचा, हिला देवाने पालखीत बसवली तर ही भोयांच्या खांद्यांची काळजी करील. हे तो कौतुकाने म्हणायचा की वैतागून, ते त्या त्या दिवसावर असे.

शहाऐंशीची दिवाळी सरली आणि तिच्या काळजीला चांगलं भक्कम कारण मिळालं. सहदेव कापड गिरणीतला साचेवाला. संप झाला, गिरणीचं दार बंद झालं ते झालंच. चार वर्षांत त्याने पडेल ते काम केलं. कांजूरला रखवाली केली, गोरेगावच्या स्टुडिओत नकली देवळांचे खांब उचलले, आणि ते खांब किती हलके असतात हे घरी येऊन सांगताना जरा दुखावलाही. आता मुलुंडच्या एका मलमवाल्याने त्याला फिरतीवर ठेवलं होतं. सांधेदुखीचं मलम कोकणातल्या वाडीवाडीच्या दुकानांत पोचवायचं. कोकणातला माणूस कोकणात पाठवला की त्याला रस्ते शिकवावे लागत नाहीत, हा मलमवाल्याचा हिशोब. सहदेवचा हिशोब वेगळा होता: जन्मभर सुट्टीचा अर्ज देऊन गावी गेलेला माणूस आता पगार घेऊन जाणार. मालनने हाच व्यवहार आपल्या बाजूने मांडून पाहिला, तर तिच्या वाट्याला नुसते घाटांचे उतार आले.

कारण एसटी फाट्यावर सोडते आणि वाडी असते आत, खाली, कुठेतरी ओढ्यापलीकडे. मलमाची पेटी डोक्यावर घेऊन चालत गेलं तर दिवस एका वाडीत सरणार. साधी सायकल नेली तर ती एसटीच्या टपावर चढवा, बांधा, फाट्यावर पुन्हा उतरवा, तोवर कंडक्टरची घंटी आणि आतल्या लोकांच्या शिव्या. तेव्हा सायकल हवी ती घडीची. मधोमध मिटणारी, बारक्या चाकांची, पोत्यात घालून मागच्या बाकड्याखाली सरकवता येईल अशी.

आणि सहदेव उतारावर ब्रेक लावत नसे. विडी नाही, दारू नाही, एवढा एकच शौक. तरुणपणी गावच्या घाटीवरून तो दोन्ही पाय पायडलवरून उचलून, बाजूला फाकवून खाली यायचा, आणि खालच्या मळ्यात काम करणाऱ्या बायका एकमेकींना सांगायच्या, राऊळांचा सहदेव आला म्हणून. क्वचित, गेला म्हणून. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मालनने त्याला तसा येताना पाहिला. ती तिची थोरली काळजी. बाकीच्या सगळ्या नंतर जन्मल्या.

घडीच्या सायकली मुंबईत झाडाला लागत नव्हत्या. महिनाभर शोधून दोन निघाल्या.

पहिली शेजारच्या माणिकची. तिच्या धाकट्या भावाने मस्कतहून आणलेली, लालभडक, चकचकीत, चाकं परातीएवढी. मधल्या दांड्यावर एक चाप होता. तो उचलला की सायकल पुस्तकासारखी मिटायची. वजनाला इतकी हलकी की मालनने ती एका हाताने उचलली आणि दुसऱ्या हाताने पदर सावरला. भाऊ पुन्हा मस्कतला गेला, खोलीत जागा नाही, येताजाता नडग्या फुटतात, परक्याला देणार नव्हते पण तुम्ही काय परके, असं माणिकने एका दमात सांगून टाकलं.

दुसरी घाटकोपरच्या दादू मिस्त्रीने स्वतः बनवलेली. दादूने एका जुन्या सायकलीचा दांडा करवतीने मधोमध कापला, दोन्ही तुकड्यांत एक जाड नळी घातली, तिच्यातून आडवे बोल्ट मारले आणि लहान पोरांच्या सायकलीची चाकं बसवली. मिटायची तर पाना लागायचा, आणि पान्याबरोबर सबुरी. रंग शेवाळी, कारण दादूकडे तोच उरला होता. सहदेवने ती उचलली तेव्हा दादू नेमका दुसरीकडे बघत होता. मग त्याने सायकल भिंतीला टेकवली, दांड्यावर चढला आणि दोन-चार उड्या मारून दाखवल्या. सायकल हूं की चूं नाही. ‘पुढच्या रविवारपर्यंत ठेवतो’, तो म्हणाला. ‘नंतर गिऱ्हाईक आधी आलं तर गिऱ्हाइकाला, भंगारवाला आधी आला तर भंगारवाल्याला.’

किंमत दोन्हींची जवळजवळ सारखीच, आणि पैसे पहिल्या फेरीनंतर दिले तरी दोघांनाही चालणार होतं. त्यामुळे या घरातले सगळे निर्णय आजवर ज्याने घेतले होते, तो पैसा यावेळी काही मत द्यायला तयार नव्हता. सहदेवची पंचाईत झाली. मस्कतची चटकन मिटते, दादूची मिटत नाही म्हटलं तरी चालेल. मस्कतची हलकी, पण मलमाची पेटी लादल्यावर तिचं काय होईल? दादूची दणकट, पण ती फाट्याफाट्यावर उचलताना त्याचं स्वतःचं काय होईल? सकाळी तो घाटकोपरच्या बाजूने असायचा, संध्याकाळी मस्कतच्या. जेवताना त्याने एकदा चपातीची घडी घातली आणि उलगडली, पुन्हा घातली, तेव्हा मालन म्हणाली, आधी खा.

तिचं मत झालेलं होतं. दादूची सायकल कापून जोडलेली. कापलेलं हाड जोडलं तरी थंडीत ठणकतं, मग लोखंडाची काय गॅरंटी? त्या नळीतून बोल्ट सुटतोय, सायकलीचे दोन तुकडे दोन बाजूंना जातायत आणि मध्ये सहदेव, हे चित्र तिने इतक्यांदा पाहिलं होतं की ते घडून गेल्यासारखंच होतं. मस्कतची सायकल कारखान्यातून आली होती. तिकडच्या लोकांनी विचार करूनच केली असणार. शिवाय बुटकी. पडला तरी पाटावरून पडल्यासारखा पडेल. या कारणांखाली आणखी एक कारण होतं, जे ती स्वतःलाही मोठ्याने सांगत नसे: पाण्याच्या नळावर तिने चार बायकांना सांगून ठेवलं होतं की आमच्याकडे मस्कतची सायकल येतेय.

आठवडा असा गेल्यावर सहदेवने जो तोडगा काढला तो त्याच्या बापानेही काढला असता. कौल लावायचा.

गावात हे काम गुरवाचं. देवीच्या पाषाणाला तो ओल्या पाकळ्या चिकटवतो, उजवीकडे एक, डावीकडे एक, गाऱ्हाणं घालतो, आणि जी पाकळी आधी गळते ते देवीचं उत्तर. लग्नं, बांध, विहिरीच्या जागा, सगळं त्यावर ठरतं. आणि राऊळांच्या घरात रीत अशी की एका गोष्टीचा कौल एकदाच, पुन्हा विचारायचं नाही. भांडुपला ना पाषाण ना गुरव. पण देवीच्या पायाशी ठेवून आणलेला नारळ कोनाड्यात होता, आणि गुरवाच्या जागी बायको होती. न्हाऊन पाकळ्या भिजवायच्या आणि नारळाला लावायच्या, हे मालनचं काम. गाऱ्हाणं सहदेव घालायचा, डोळे मिटून. संपात उतरावं की नाही याचा कौलही याच नारळाने दिला होता, आणि त्यानंतर जे झालं त्याबद्दल सहदेवने देवीला एका शब्दाने बोल लावला नव्हता. विश्वास ठेवणारा माणूस असा ठोक भावाने ठेवतो.

गुरुवारी सकाळी मालनने जास्वंदीच्या दोन पाकळ्या भिजवल्या. उजवी घाटकोपरची, डावी मस्कतची, असं सहदेवने ठरवून दिलं आणि डोळे मिटले. चुलीवरून उतरवलेलं दूध शेजारीच होतं. त्यावर साय धरली होती. मालनचं बोट सायीत गेलं, तिथून उजव्या पाकळीच्या पाठीला गेलं, आणि पाकळी नारळाला अशी बसली की जणू तिथेच फुलली. हे तिने ठरवून केलं नव्हतं. पण बोट निघालं तेव्हा तिने ते अडवलंही नाही.

सहदेवचं गाऱ्हाणं लांबलचक असे. सगळ्या वाडीच्या, बारा पाचांच्या देवांची नावं घेऊन तो सायकलीपर्यंत आला, आणि तेवढ्यात डावी पाकळी निसटून पाटावर पडली.

त्याने डोळे उघडले. पाटाकडे बघितलं, मग नारळाकडे. त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं, आणि मालनला तेव्हा कळलं की मनातून त्याला दादूचीच हवी होती. पण त्याने पाकळी कपाळाला लावली. ‘झालो कौल’, तो म्हणाला. ‘मस्कतची.’ दिवसभरात अख्ख्या चाळीला कळलं की राऊळांच्या देवीने फॉरेनची सायकल पसंत केली.

शनिवारी सायकल घरात आली. सहदेव मलमाची पेटी आणायला मुलुंडला गेला होता. सोमवारी सकाळी कुर्ल्याच्या नेहरूनगर स्टँडवरून त्याची गाडी होती. मालनने सायकलीला हळदकुंकू लावलं, हँडलला लिंबू-मिरची बांधली आणि ती उन्हात ठेवावी म्हणून उंबऱ्यावरून बाहेर काढली. पुढचं चाक पायरीवर आपटलं. चाप आपोआप उचलला गेला, आणि सायकल तिच्या हातात मिटली, बोट मध्ये घेऊनच.

तिने बोट तोंडात धरलं, सायकल उघडली आणि चाप पुन्हा दाबला. टक् करून बसला. पुन्हा पायरीवरून उतरवली. काही झालं नाही. पुन्हा. काही नाही. तिला वाटलं, आपलंच काही चुकलं असेल. आणि पुढच्या खेपेला सायकल मिटली.

तीच तर वाईट गोष्ट होती. दर खेपेला चाप सुटला असता तर तो दोष होता, कुणालाही दाखवता आला असता. हा मनात येईल तेव्हा सुटत होता. मालनला गावच्या वाटा ठाऊक होत्या. देवळामागची शिडीसारखी उभी निसण, नदीकडचं वळण, जांभ्याच्या दगडांनी भरलेला तो शाळेपुढचा उतार. प्रत्येक ठिकाणी एकेक पायरीएवढा दगड तिला दिसायला लागला, आणि त्या दगडाकडे पाय फाकवून, हसत हसत येणारा सहदेव.

ती माणिककडे गेली. माणिक तांदूळ निवडत होती, आणि तिने मान वर न करताच उत्तर दिलं, त्याअर्थी प्रश्न तिला माहीत होता.

‘दोरी बांध ना गं. आम्ही दोरीच बांधायचो.’

‘मग आधी का नाय सांगितलंस?’

‘तुम्ही विचारलंत कुठे? तुमच्या देवीने सांगितलं म्हणून न्यायला आलात. देवीच्या पुढे मी काय तोंड घालणार?’

मालन म्हणाली, मग परत घे. माणिकने सुपातला एक खडा काढून लांब टाकला. देवीने एकाला दिलेली वस्तू दुसऱ्याने परत घेतली तर पाप कुणाला लागतं, तूच सांग, असं तिने विचारलं. आणि मालनला पापाच्या बाबतीत या घडीला कुणाला काही सांगण्याची सोय नव्हती. ती उठून आली.

सहदेव पेटी घेऊन आला तेव्हा तिने त्याला सायकल दाखवली. पायरीवरून उतरवली, आपटली, पुन्हा उतरवली. चाप जागचा हलला नाही. सहदेव बिचारा शांतपणे बघत होता. शेवटी तिच्या समाधानासाठी त्याने सुंभाची दोरी आणली आणि दांड्याभोवती गुंडाळून गाठ मारली.

‘आता गप ऱ्हव’, तो म्हणाला. ‘देवी फसवची नाय.’

याऐवजी त्याने दुसरं काहीही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. देवी फसवत नाही, हे मालनलाही मान्य होतं. फसवलं होतं ते तिच्या बोटाने. देवी कदाचित उजवी पाकळी पाडायला निघाली असेल. ओढत असेल बिचारी, आणि पाकळी सायीत रुतलेली. ज्या एका माणसाला वाचवायला मालनने बोट बुडवलं होतं त्यालाच तिने स्वतःच्या हाताने त्या चापावर बसवलं होतं. बाकी आयुष्यभराच्या काळज्या दुसऱ्यांनी केलेल्या गोष्टींच्या होत्या. ही पहिलीच, जी तिने स्वतः केलेल्या गोष्टीची होती, आणि तिचं वजन निराळं होतं.

रविवार उजाडला. दादूची मुदत आजची. सहदेव जमिनीवर बसून मलमाच्या डब्या कागदात गुंडाळून पेटीत लावत होता, गिरणीत बॉबिनी लावायचा तशा, एकावर एक, तोंडं एका दिशेला. मालनने चहा त्याच्यापुढे ठेवला. सांगितल्यावर काय काय होऊ शकतं हे तिने मोजून ठेवलं होतं. तो ओरडेल. हात उगारेल, एवढ्या वर्षांत उगारला नव्हता, पण देवाच्या बाबतीत कुणाचं सांगावं. किंवा सगळ्यात वाईट, काहीच न बोलता तसाच निघून जाईल आणि पुन्हा कधी पाकळ्या भिजवायला तिला बोलावणार नाही. हे सगळं एका पारड्यात टाकलं तरी दुसऱ्या पारड्यात तो उतार होता.

‘कौल माझो होतो’, ती म्हणाली. ‘देवीचो नाय. उजव्या पाकळीक मी साय लावलंय.’

सहदेवच्या हातात एक डबी होती. ती त्याने पेटीत ठेवली नाही आणि खालीही ठेवली नाही.

‘कित्याक?’

‘ती कापून जोडलेली. तुमका काय होव नये म्हणान.’

त्याने नारळाकडे बघितलं. मालनने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. आणि मग तिने ज्याची तयारी केली नव्हती तेच झालं. सहदेवचा चेहरा हळूहळू मोकळा झाला. गोष्ट जमली की माणूस दिसतो, तसा तो दिसायला लागला.

‘मगे तुझ्या बोटात ती बुद्धी घातली कोणी गो?’

तिने स्वतःच्या बोटाकडे बघितलं.

‘गुरव पाकळी लावता, तेव्हा त्याचो हात कोणाचो असता? देवीचोच ना? तसोच तुझो. साय लाव नायतर खळ लाव. तिका जी पाडूची होती ती तिना पाडली.’

मालनने उभ्या जन्मात देवीवरून एवढं भांडण कधी काढलं नव्हतं. ती म्हणाली, मग आज माझ्या तोंडात ही बुद्धी कुणी घातली, की या सायकलीवर बसू नका? तीही देवीचीच धरा. सहदेवने डबी पेटीत ठेवली, तोंड बरोबर एका दिशेला केलं आणि सांगितलं की ती तिची स्वतःची. काळजी कधी देवीची नसते, ती मालनची असते, हे सगळ्या भांडुपला ठाऊक आहे. त्याच्या या वाटणीत देवीच्या वाट्याला कौल आला, सायकल आली, आणि मालनच्या वाट्याला तिचं जुनंच काय ते राहिलं.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा तो उठला. समजूत घालायची त्याची पद्धत होती: दाखवायचं. चाळीसमोरून खाली पाण्याच्या टाकीपर्यंत उतार होता, मध्ये एक वळण, खड्डे, आणि महापालिकेने खणून तसाच सोडलेला एक चर. इथून खाली जाऊन दाखवतो, मग तर झालं? त्याने सायकल उचलली. मलमाची पेटी कॅरिअरवर ठेवली, वजनासकट परीक्षा व्हावी म्हणून. रविवारची सकाळ असल्याने माणसं दारात होतीच. सहदेव राऊळ सायकल घेऊन उताराच्या डोक्यावर उभा राहिला म्हणताच आणखी जमली. माणिकही सूप घेऊन बाहेर आली.

सहदेवने एक पाय पायडलवर ठेवला. मालनने कॅरिअरवरची पेटी उचलली, जमिनीवर ठेवली आणि पेटीच्या जागी स्वतः बसली. एका बाजूला पाय सोडून, लुगडं गुडघ्यात दाबून, एका हाताने त्याच्या सदऱ्याला धरून. ती आयुष्यात कधी सायकलवर बसली नव्हती. सायकल तिच्या वजनाने खाली दबली आणि चापापाशी बारीक करकर झाली. कुणीतरी शीळ घातली.

‘उतर’, सहदेव म्हणाला.

‘चला की.’

‘उतर म्हणतंय ना. लोक बघतत.’

‘कौल खरो ना?’ तिचा आवाज तिलाच ओळखीचा वाटला नाही. ‘एकट्यासाठी खरो आणि दोघांसाठी खोटो, असो कौल असता काय? सोडा पाय.’

तू जड आहेस, असं तो पुटपुटला. तुमची पेटी काय कापसाची आहे, असं ती त्याच्या पाठीला म्हणाली. दात वाजू नयेत म्हणून तिने जबडा आवळून धरला होता. समोर उतार होता. कॅरिअरवरून तो रस्ता रोजचा वाटत नव्हता. खाली पडत जाणारं आणि कशालाच न टेकलेलं काहीतरी वाटत होतं. तो चर इथूनही दिसत होता. देवी, तिने मनात म्हटलं, मी साय लावली ती लावली, आता तू हा पाय जमिनीवरून सुटू देऊ नकोस. आणि लगेच तिला भीती वाटली की देवी आता तिचं का ऐकेल.

सहदेवने पाय सोडला नाही. तो वाकला आणि दोरीची गाठ चाचपली. घट्ट केली. मग सोडवली, आणखी एक वेढा दिला, पुन्हा बांधली. पुन्हा चाचपली. मालनला त्याची मान दिसत होती. मानेवर घाम आला होता, आणि ऊन अजून कोवळं होतं. त्याने उताराकडे बघितलं, चापाकडे बघितलं, आणि मान वळवून कॅरिअरवरून लोंबणाऱ्या तिच्या पायांकडे बघितलं. तिच्या एका पायातली वहाण निसटायला आली होती.

दारातली माणसं गप्प झाली. काही तरी होणार असं वाटलं की चाळ तशी गप्प होते, आणि होत नाही असं दिसलं की पुन्हा बोलायला लागते. ती पुन्हा बोलायला लागली.

‘उतर गो’, सहदेव म्हणाला. आता ते सांगणं नव्हतं, विनवणी होती.

ती उतरली. पेटीवर हात टेकून तिने निसटलेली वहाण पायात सरकवली. सहदेवने सायकलीवरून टांग काढली, दोरीची गाठ सोडली आणि ती दोरी हातावर सावकाश गुंडाळत बसला, जणू तेवढ्यासाठीच तो बाहेर आला होता.

‘दादू आज किती वाजेपर्यंत असता?’

‘माका काय माहीत. बिगी बिगी गेलव तर भेटात.’

मस्कतची सायकल त्यांनी माणिकच्या दाराला टेकवली. माणिक काही बोलणार होती. सहदेवने देवीने परत पाठवली असं सांगितलं, आणि त्यावर तिला पापपुण्याचं काही आठवलं नाही. मलमाची पेटी मालनने घरात ठेवली, कोनाड्याकडे न बघता कुलूप लावलं, आणि दोघं उतारावरून स्टेशनच्या दिशेने पायी निघाली.

टाकी आली. तिथे सहदेव थांबला. मोडलेल्या कौलाचं काय करतात, हे त्याला माहीत नव्हतं. बापाने तो कधी मोडला नव्हता.

‘आता तिका काय सांगूचा?’ त्याने विचारलं. तो खरोखरच विचारत होता.

मालनने विचार केला. ‘सांगा, बायको जड झाली म्हणान.’

तो हसला नाही. पण चालायला लागला, आणि चालता चालता ते वाक्य त्याने मनात दोन-तीनदा म्हणून पाहिलं असावं, कारण त्याचे ओठ हलत होते. मालनचं तिकडे लक्ष नव्हतं. ती दादूच्या बोल्टांपर्यंत पोचली होती. फाट्यावर उतरलं की सायकल उघडायची, बोल्ट घालायचे, आवळायचे. पण संध्याकाळची वेळ असेल, दुकान बंद व्हायच्या आत पोचायचं असेल, समोर मोकळा उतार दिसत असेल, तेव्हा हा माणूस शेवटचा पीळ देईल का? बघायला तिथे कोण असेल? आणि पानाच हरवला तर?

‘ओ’, तिने मागून हाक मारली. ‘पानो खयच्या खिशात ठेवतलात?’

सहदेवने न थांबता सदऱ्याच्या खिशावर हात मारला.

‘त्या नको’, ती म्हणाली आणि पाय उचलून त्याला गाठलं. ‘त्या खिशाक भोक हा.’